कावसजीचे नाक आणि भुलीची निवड

धारवाडच्या भुईकोट किल्ल्याचे आज फार थोडे अवशेष उरले आहेत. त्याच्या तटाखंदकांच्या परिसरात आता वस्ती नांदते आहे, आणि त्या वाटेने रोज जाणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना तेथे एके काळी सहा महिन्यांहून अधिक काळ तोफा धडाडत होत्या याची आठवण असते. सप्टेंबर १७९० मध्ये परशुरामभाऊ पटवर्धनांनी या किल्ल्याला वेढा घातला. मुंबईकर इंग्रजांची कॅप्टन लिटल याच्या हाताखालील पलटणे त्यांच्या मदतीस होती. टिपू सुलतानाचा किल्लेदार बद्रुज्जमानखान याने नेटाने झुंज दिली, आणि अखेर एप्रिल १७९१ मध्ये किल्ला पेशव्यांच्या फौजेच्या हाती आला. त्यानंतर भाऊंचे सैन्य दक्षिणेस सरकले. मे महिन्याच्या अखेरीस मेळकोट्यानजीक ते कॉर्नवॉलिसच्या सैन्यास जाऊन मिळाले, तेव्हा त्या इंग्रजी छावणीत बैल मरून पडले होते, धान्य संपले होते, आणि ओढावयास जनावर नाही म्हणून वेढ्याच्या मोठ्या तोफा इंग्रजांनी स्वतःच निकामी करून टाकल्या होत्या. त्या काळच्या लढाईत तलवारीइतकेच महत्त्व बैलाला होते आणि बैलाइतकेच त्याला हाकणाऱ्याला.

असाच एक बैल हाकणारा या युद्धात शत्रूच्या हाती सापडला. इंग्रजांनी त्याचे नाव कावसजी असे लिहिले असून तो शेतकरी जातीचा मराठा होता, असेही नमूद केले आहे. त्यांच्या वृत्तांतानुसार टिपूने त्याचे नाक आणि एक हात तोडविला. ही क्रूरता एकट्या टिपूचीच होती, असे मात्र कोणी समजू नये. नाक कापण्याची शिक्षा आपल्या देशात अनेक राज्यांत आणि अनेक शतके चालत आली होती. शूर्पणखेची कथा ऐकतच आपण लहानाचे मोठे झालो. त्या कथेवरूनच नाशिकाला नाव मिळाले, अशी परंपरा आहे. नाक कापले जाणे म्हणजे अब्रू जाणे, हा वाक्प्रचार आपल्या भाषेत उगाच आलेला नाही. हात तुटलेल्या सैनिकाला लोक मान देत, नाक तुटलेल्याकडे मात्र पाहून लोक मान वळवीत.

कावसजी वर्षभराहून अधिक काळ तसाच राहिला. पुढे १७९३ च्या मार्चच्या सुमारास पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले. हा माणूस ना वैद्य होता ना हकीम; विटा पाडणाऱ्या जातीचा, म्हणजे आपण ज्याला कुंभार म्हणू असा, तो एक कारागीर होता. पुण्याच्या इंग्रजी वकिलातीतील शस्त्रवैद्य टॉमस क्रूसो आणि त्याचा सहकारी जेम्स फिंडले या दोघांनी ही शस्त्रक्रिया प्रत्यक्ष पाहिली होती. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रे काढणारा जेम्स वेल्स हा चित्रकार तेव्हा पुण्यातच होता. त्याने जानेवारी १७९४ मध्ये कावसजीचे चित्र काढले, आणि त्या चित्रासह सर्व हकीकत ऑक्टोबर १७९४ च्या लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात ‘बी. एल.’ अशा आद्याक्षरांनी प्रसिद्ध झाली.

ती हकीकत मोठी वाचनीय आहे. प्रथम मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोट्यावर बेतून घेतला जाई. मग तो सपाट करून कपाळावर ठेवीत, त्याच्या कडेने रेघ आखीत, आणि तेवढी कातडी कपाळावरून सोडवून घेत. दोन्ही भुवयांच्या मध्ये मात्र एक अरुंद पट्टी न कापता शिल्लक ठेवीत, कारण नवा भाग जुन्याशी सांधेपर्यंत त्याला रक्त पुरविणारी ती एकच वाट असे. मग ती कातडी अर्धा पीळ देऊन खाली वळवीत आणि नाकाच्या कडेने व वरच्या ओठापर्यंत घेतलेल्या छेदात तिच्या कडा बसवीत. टाका नाही. पाण्यात भिजवून मऊ केलेला कात कापडाच्या पट्ट्यांना लावून अशा पाचसहा पट्ट्या एकावर एक ठेवीत, म्हणजे आपल्या पानाच्या तबकातील वस्तूच येथे सांधा धरावयास उपयोगी पडे. चार दिवसांनी त्या काढून तुपात बुडविलेल्या चिंध्या ठेवीत. पाचसहा दिवस रोग्याने उताणे निजावयाचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे घालावयाचे. आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास भुवयांमधील ती जोडपट्टी कापून नाकाला शेवटचा आकार द्यावयाचा.

मेण, कात, तूप, दिवसांची मोजदाद, सगळे काही त्या लेखात आहे. वेदनेविषयी मात्र त्यात एक शब्दही नाही. रोग्याला काही पाजले काय, कोणी धरून ठेवले काय, तो ओरडला काय, यांपैकी कशाचाही उल्लेख नाही. पाहणारे दोघेही शस्त्रवैद्य होते, आणि जाग्या माणसावर सुरी चालविणे हे त्यांच्या व्यवसायात नित्याचे होते. जे रोजचे असते ते कोणी लिहून ठेवीत नाही.

आज हुबळी-धारवाडातच कोणाला नाक, ओठ, पापणी किंवा कान यांची शस्त्रक्रिया करून घ्यावयाची असली तर घरची मंडळी शस्त्रवैद्याची कीर्ती विचारतात, खर्च विचारतात, व्रण दिसेल काय हे तर हमखास विचारतात. भूल कोणती देणार, ती कोण देणार आणि तीच का, हे विचारणारा विरळा. ‘किरकोळ तर काम आहे, थोडी भूल देतील’ असे म्हणून हा प्रश्न आपण मिटवून टाकतो. चेहऱ्याच्या बाबतीत मात्र हा प्रश्न किरकोळ नाही, आणि त्याचे कारण समजण्यास कावसजीपासून आजपर्यंतची वाट एकदा चालून पाहावी लागते.

तत्पूर्वी थोडे मागे जाऊ. सुश्रुतसंहितेत नासासंधान आणि कर्णबंध यांचे विस्तृत वर्णन आहे, हे आता बहुतेकांना ऐकून माहीत असते. फाटलेली कानाची पाळी जोडण्याचे पंधरा प्रकार सुश्रुताने सांगितले आहेत. नाकासाठी त्याने पानाचे माप घेऊन गालाजवळची त्वचा वापरावयास सांगितले; पुण्याच्या कुंभाराने कपाळाची वापरली. मधल्या शतकांत ही विद्या ग्रंथांतून कारागिरांच्या हाती कशी गेली हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. भुलीविषयी सुश्रुत काय सांगतो ते पाहण्यासारखे आहे. शस्त्रकर्मापूर्वी रोग्याला इष्ट अन्न द्यावे, म्हणजे त्याला मूर्च्छा येत नाही. आणि मद्याची सवय असणाऱ्यास तीव्र मद्य द्यावे, म्हणजे त्याला शस्त्राची जाणीव होत नाही, असे त्याचे मत आहे. परंतु याला तो काही अपवाद सांगतो. मूढगर्भ, उदर, अर्श, अश्मरी, भगंदर आणि मुखरोग यांत रोग्यास न जेवविता कर्म करावे, असा त्याचा आदेश आहे. या यादीतील शेवटचे नाव वाचून आजचा भूलतज्ज्ञ मान डोलावील. तोंडात शस्त्र चालत असता पोटातले अन्न वर आले तर काय होईल, हे त्या आचार्याने कधीतरी डोळ्यांनी पाहिले असले पाहिजे.

भोजप्रबंधातील कथाही या संदर्भात नेहमी सांगितली जाते. भोजराजास मोहचूर्ण देऊन निद्रिस्त केले आणि कवटी उघडून आतील मासे काढले, अशी ती कथा आहे. कथा गोड आहे. परंतु बल्लाळाचा तो ग्रंथ भोजाच्या कितीतरी शतके नंतरचा, आणि त्यातील कालिदास व बाण हे दोघेही भोजाच्याच दरबारात बसलेले. तेव्हा तिला इतिहास मानून आपल्या पूर्वजांचा मान वाढत नाही. सुश्रुताने जे खरोखर लिहिले तेवढ्यानेच तो पुरेसा मोठा आहे.

पुण्याची हकीकत विलायतेत पोहोचली आणि जोसेफ कार्प्यू नावाच्या लंडनच्या शस्त्रवैद्याने ती मनावर घेतली. वीस वर्षे विचार करून, प्रेतांवर सराव करून, २३ ऑक्टोबर १८१४ रोजी त्याने एका सैन्याधिकाऱ्याचे नाक त्याच पद्धतीने केले, आणि १८१६ मध्ये अशा दोन शस्त्रक्रियांचे पुस्तक प्रसिद्ध केले. तो अधिकारीही जागाच होता. चेहऱ्यावरचे काम त्या काळी ज्याच्या अंगी एवढे धैर्य असेल त्याच्यापुरतेच होते. आणि शस्त्रवैद्याच्या हातांना वेग लागे, बारकावा साधण्याची सवड नसे.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेतील बोस्टन येथे मॉर्टनने ईथर देऊन वेदनारहित शस्त्रक्रिया दाखविली. पाच महिन्यांत, १८४७ च्या मार्चमध्ये, ईथर कलकत्त्यास पोहोचले. त्याच वर्षाच्या अखेरीस एडिंबरोहून सिम्प्सनने क्लोरोफॉर्मची वार्ता दिली आणि १८४८ च्या जानेवारीत तेही कलकत्त्यास वापरले गेले. त्या काळची जहाजे लक्षात घेता ही गती थक्क करणारी आहे. बर्लिनचा डीफेनबाख, जो नाक-ओठांच्या शस्त्रक्रियेत युरोपात अग्रगण्य होता, त्यानेही १८४७ मध्ये ईथरवर ग्रंथ लिहिला आणि त्याच वर्षी तो निवर्तला.

आता चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेचा मार्ग मोकळा झाला, असे कोणासही वाटेल. परंतु येथेच खरी अडचण उभी राहिली. पाय कापावयाचा असला तर भूल देणारा रोग्याच्या डोक्याशी बसतो आणि शस्त्रवैद्य पायाशी. दोघांची हद्द वेगळी. नाक किंवा ओठ करावयाचा असला तर दोघांनाही एकच जागा हवी. भुलीचा मुखवटा ठेवला तर शस्त्र चालत नाही, आणि मुखवटा उचलला तर रोगी जागा होऊ लागतो. त्यातच नाकातोंडातून वाहणारे रक्त झोपलेल्या माणसाच्या घशात उतरते. जागा माणूस ते थुंकून टाकतो, खोकतो. गाढ भूल दिलेल्याची ती शक्तीच नाहीशी झालेली असते. म्हणजे जी भूल त्याला वेदनेपासून वाचविते तीच त्याचा श्वास उघडा टाकते. कावसजीला हा धोका नव्हता. त्याने दुःख भोगले, पण आपल्या श्वासनलिकेची राखण तो स्वतः करीत होता.

क्लोरोफॉर्मचे आणखी एक संकट होते, आणि त्याचा वाद आपल्या शेजारी हैदराबादेत रंगला. तेथील निजामाच्या आश्रयाने १८८८ आणि १८८९ मध्ये दोन क्लोरोफॉर्म आयोग बसले. डॉ. एडवर्ड लॉरी यांचा आग्रह असा की क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो, हृदय मागाहून. सबब नाडीकडे न पाहता श्वासाकडेच लक्ष द्यावे. शेकडो जनावरांवर प्रयोग करून त्यांनी आपले म्हणणे सिद्ध झाले असे मानले. श्वासाकडे लक्ष द्यावे हा उपदेश उत्तमच होता, परंतु हृदयाविषयीचा निर्वाळा चुकीचा ठरला. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले की हलक्या क्लोरोफॉर्मच्या अमलात अ‍ॅड्रिनलिन शरीरात गेले तर हृदयाची लय एकाएकी बिघडून मृत्यू येऊ शकतो. ही गोष्ट चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेत फार मोलाची ठरली. ती का, ते आता सांगतो.

भुलीचा दुसरा मार्ग १८८४ मध्ये उघडला. व्हिएन्नाच्या कार्ल कोलर या तरुण वैद्याने कोकेनचे थेंब डोळ्यात घातले की डोळा बधिर होतो हे दाखविले, आणि माणूस जागा ठेवून केवळ एक अवयव निजविता येतो ही कल्पना जगाला मिळाली. कोकेन घातक आणि व्यसन लावणारे होते. १९०५ च्या सुमारास त्याची जागा नोव्होकेनने घेतली, आणि १९४३ मध्ये स्वीडनमध्ये लॉफग्रेन यांनी लिग्नोकेन सिद्ध केले, जे १९४८ पासून बाजारात आले व आजही दंतवैद्यापासून सर्वांच्या हाती आहे. दरम्यान, विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील हाइनरिश ब्राउन यांनी बधिर करणाऱ्या औषधात किंचित अ‍ॅड्रिनलिन मिसळावयास प्रारंभ केला. त्याने सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी येते, औषध जागेवर टिकते आणि बधिरता लांबते. चेहऱ्याला रक्तपुरवठा विपुल असल्यामुळे तेथे हे वरदानच. मात्र लेव्हींच्या प्रयोगांनी सांगितले होते की हेच वरदान क्लोरोफॉर्मबरोबर प्राणघातक होऊ शकते. दोन्ही औषधे आपापल्या जागी चांगली, परंतु त्यांची गाठ घालावयाची नाही. भूल देणारा आणि सुई टोचणारा यांनी एकमेकांस काय चालले आहे ते सांगितलेच पाहिजे, हा धडा त्यातून मिळाला. आणि औषधे बदलली तरी धडा बदललेला नाही.

श्वासाचा प्रश्न सुटला तो पहिल्या महायुद्धाच्या पायी. खंदकातून डोके वर काढणाऱ्या सैनिकांचे जबडे, नाके आणि गाल तोफगोळ्यांनी उडून जात. इंग्लंडमधील सिडकप येथे १९१७ मध्ये उघडलेल्या रुग्णालयात मूळचे न्यूझीलंडचे हॅरॉल्ड गिलीज यांनी अशा हजारो जवानांचे चेहरे पुन्हा घडविले. आरंभी रोग्याला बसवून, पुढे झुकवून शस्त्रक्रिया करावी लागे, म्हणजे रक्त घशात न जाता बाहेर पडे. श्वासनलिकेत बारीक नळीने ईथरची वाफ फुंकीत, तर ती परतताना रक्तासह शस्त्रवैद्याच्या तोंडावर येई. रोग्याबरोबर वैद्यालाही गुंगी यावयाची वेळ. १९१९ नंतर तेथे आलेल्या आयव्हन मॅगिल आणि स्टॅन्ली रोबोटम या दोघा भूलतज्ज्ञांनी रबराची रुंद नळी थेट श्वासनलिकेत घालून श्वास आत-बाहेर त्याच वाटेने नेण्याची पद्धत बसविली. आता घशात बोळा भरून रक्त अडविता येऊ लागले, आणि भूल देणारा चेहऱ्यापासून हातभर दूर सरकला. आजच्या कोणत्याही मोठ्या शस्त्रक्रियागृहात जी नळी वापरतात तिचा जन्म चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेसाठी झाला, हे फारसे कोणास ठाऊक नसते.

याच गिलीजांच्या हाताखाली शिकून आलेला एक शिष्य आपल्या हुबळीचा. डॉ. नोशीर अंतिया यांचा जन्म १९२२ मध्ये हुबळीत एका पारशी कुटुंबात झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात ते शिकले, विलायतेस जाऊन आले, आणि १९५० नंतरच्या दशकात पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात त्यांनी काम आरंभिले. कुष्ठरोगात नाक बाहेरून कापले जात नाही. आतील पडदा आणि हाड झिजते, आतले अस्तर आकसते आणि बाहेरची शाबूत त्वचा खोल बसते. तेव्हा कपाळाची कातडी आणण्याचे कारणच उरत नाही. आतून नवे अस्तर घालून नाक वर उचलता येते, ही गिलीजांची युक्ती अंतियांनी आपल्या रोग्यांसाठी वापरली. कावसजीचे नाक जेथे झाले त्या पुण्याच्याच परिसरात, सुमारे एकशे साठ वर्षांनी, समाजाने दूर लोटलेल्या माणसांना हुबळीत जन्मलेल्या वैद्याने नाके दिली. पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी मोठे कार्य केले. २००७ मध्ये ते वारले. १९५७ मध्ये हुबळीत वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि १९८६ मध्ये धारवाडजवळ सत्तूर येथे दंतवैद्यकाचे. त्यामुळे ज्या कामासाठी पूर्वी मुंबई किंवा मिरज गाठावी लागे त्यातील पुष्कळसे आता घराशेजारी होते.

मग आज निवड कशी करतात? स्थूलमानाने मार्ग तीन आहेत: केवळ जागा बधिर करणे, जागा बधिर करून शिवाय शिरेतून गुंगीचे औषध देणे, आणि पूर्ण भूल देऊन श्वास नळीवर घेणे. यांत एक सर्वांत सुरक्षित आणि दुसरा धोक्याचा, अशी सरळ उतरंड नाही.

आमच्या घरच्या एका वृद्ध आत्याबाईंची कानाची पाळी जड कुड्यांनी ओघळून अखेर फाटली होती. सुश्रुताच्या पंधरा प्रकारांतील एखादा त्यांच्यासाठीच असावा. पूर्ण भूल द्या, मला काही पाहावयाचे नाही, असा त्यांचा हट्ट. वैद्यांनी समजावले की पाळी बधिर करावयास एक बारीक सुई पुरते, आणि त्यांच्या वयाच्या हृदयाला पूर्ण भुलीचा भार उगाच कशाला? अखेर त्या विष्णुसहस्रनाम म्हणत पडून राहिल्या आणि सहस्रनाम संपण्यापूर्वीच काम संपले. फलश्रुती त्यांनी घरी येऊन म्हटली.

पापणीच्या कामातही जागेपणाचा लाभ आहे, कारण मध्येच ‘डोळे उघडा, मिटा’ असे सांगून दोन्ही बाजू सारख्या झाल्या की नाही ते पाहता येते. चेहऱ्याची संवेदना एकाच त्रिशाखी चेतातंतूकडून येते आणि त्याच्या तीन फांद्या भुवईवर, डोळ्याखाली व हनुवटीशी अशा तीन लहान छिद्रांतून बाहेर पडतात. सरळ पाहणाऱ्या बाहुलीतून उभी रेघ काढली तर ती तिन्ही जवळजवळ त्या रेघेवर येतात. तेथे थोडे औषध दिले की कपाळ, वरचा ओठ किंवा हनुवटी निजते. परंतु ‘थोडे’ या शब्दालाही माप आहे. अ‍ॅड्रिनलिनसह लिग्नोकेन शरीराच्या दर किलोमागे सुमारे ७ मिलिग्रॅमपर्यंतच द्यावयाचे असा नियम आहे. ६० किलो वजनाच्या बाईस हे ४२० मिलिग्रॅम होते, म्हणजे दोन टक्क्यांचे औषध सुमारे २१ मिलिलिटर. एक पापणी करावयास याचा लहानसा अंश पुरतो. सबंध चेहरा ताणून घ्यावयाचा असला तर मात्र ही मर्यादा सहज जवळ येते, आणि ती ओलांडली तर झटके येतात, हृदय थांबू शकते.

गुंगीचा मधला मार्ग पुष्कळांस आकर्षक वाटतो: झोपही लागते, नळीही नाही. माझ्या समजुतीप्रमाणे सर्वांत अधिक जागरूकता याच मार्गाला लागते. किंचित गुंगी आणि गाढ भूल यांच्यामध्ये कुंपण नाही. म्हाताऱ्या किंवा घोरणाऱ्या माणसाचा घसा त्याच मात्रेने मिटून जाऊ शकतो. शिवाय अशा वेळी नाकाशी प्राणवायू सोडलेला असतो, आणि तो चादरीखाली साचला असता रक्त थांबविण्यासाठी विजेचा चटका दिला तर पेट घेतो. चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेत अशा आगी लागल्या आहेत. म्हणून चटका देण्यापूर्वी शस्त्रवैद्य सांगतो आणि भूलतज्ज्ञ प्राणवायू कमी करतो. हे सांगणारा आणि ऐकणारा असे दोघेजण तेथे वेगळे हवेत. एकाच माणसाने सुरीही चालवावयाची आणि गुंगीकडेही पाहावयाचे, असे जेथे चालते तेथून उठून यावे.

नाकाचे हाड मोडून सरळ करावयाचे, जबडा सरकवावयाचा, दुभंगलेला ओठ शिवावयाचा, अशा कामांत पूर्ण भूल आणि नळी हीच बहुधा सुरक्षित वाट, कारण रक्त घशाकडे धावते. तान्ह्या मुलाच्या दुभंगलेल्या ओठासाठी तर दुसरा विचारच नाही. तेथे दहाचा एक जुना नियम आहे: मूल दहा आठवड्यांचे, दहा पौंडांचे आणि रक्तातील हिमोग्लोबिन दहा ग्रॅम असावे. हा नियम मुख्यतः मुलाने भूल सोसावी म्हणून आहे, आणि लोकांच्या नजरेला भिऊन ‘बारशाच्या आधी ओठ करा’ असा धोशा लावणाऱ्या आजीआजोबांनी तो समजून घेतला पाहिजे. अशा मुलांसाठी हनुवटीवरून खाली वळणारी नळी १९७५ पासून मिळते, म्हणजे ओठ तिने ओढला जात नाही आणि शिवणाऱ्याला त्याचा खरा आकार दिसतो. घशात भरलेला बोळा शेवटी मोजून काढावा लागतो. तो विसरला तर सुंदर ओठाचे मूल गुदमरेल.

आणि उपास. सुश्रुताने मुखरोगाला सांगितलेला न जेवण्याचा नियम आज पूर्ण भूल व गुंगी या दोहोंना लागतो: जड जेवणानंतर आठ तास, हलक्या आहारानंतर सहा, निव्वळ पाण्यानंतर दोन. आपल्या मंडळींना उपासाचा सराव असतो, पण अडचण नेमकी त्या सरावातच आहे. एकादशीला साबुदाणा चालतो, म्हणून शस्त्रक्रियेलाही चालेल असे नाही. देवळातून आलेला प्रसाद हातावर घेऊन तोंडात टाकावयाचा आणि ‘काही खाल्ले नाही’ असे भूलतज्ज्ञास सांगावयाचे, हे कोणत्याही देवास मान्य व्हावयाचे नाही. पानतंबाखू, तपकीर, काढे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, सगळे त्याला सांगावे. नाकाच्या शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी गुपचूप तपकीर ओढणारे गृहस्थही असतात.

कपाळाच्या त्वचेने नाक करण्याची पुण्याची पद्धत आजही चालू आहे. विशेषतः कर्करोगात नाक गेले असता तीच उत्तम समजली जाते. पहिल्या वेळी बहुधा पूर्ण भूल देतात. त्यानंतरचे तीन आठवडे विलक्षण असतात. भुवयांमधील पट्टी अजून जोडलेली असल्यामुळे नव्या नाकावर बोट ठेवले तर स्पर्श कपाळावर भासतो. शरीराला आपले नाक अजून कपाळच वाटत असते. मग सुमारे एकविसाव्या दिवशी पट्टी तोडावयाची, आणि ते काम बहुधा जागा बधिर करून, रोगी जागा असता होते व तो त्याच दिवशी घरी जातो.

पुण्याच्या वृत्तांतात हा दिवस पंचविसावा आहे. पहिल्या वेळी कावसजीला पुढे काय आहे याची कल्पना नसेलही. त्या दुसऱ्या दिवशी मात्र होती. तरी तो त्या कुंभाराकडे पुन्हा गेला, उरलेल्या एका हातानिशी, आणि भुवयांमधली पट्टी कापून घेतली. त्या कुंभाराचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. वेल्सने चित्र काढले तेव्हा शस्त्रक्रियेस दहा महिने झाले होते.